चरबी सांगणारा वजनकाटा: टेपवालीचा रिव्ह्यू

सोलापुरात अशोक चौकाकडे माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. दिवसभर गळ्यात टेप, समोर लोकांच्या कमरा. नवी पेठेत हा ब्लूटूथवाला काटा दोन हजारांच्या आत मिळाला. दुकानदार म्हणाला, "अक्का, नुसतं वजन नाही, चरबी, पाणी, हाडं, सगळं सांगतंय बघा."

वजन चोख सांगतो. पाच किलो ज्वारीची पिशवी हातात घेऊन उभी राहिले, आकडा बरोबर पाचने वाढला. काच मात्र पुसत राहावी लागते, आमच्याकडे कापसाची धूळ पायाला चिकटूनच येते.

आता चरबी. काचेवरच्या पट्ट्यांतून तळपायात अगदी बारीक करंट सोडतात. पाणी धरून असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. किती अडला ते बघायचं, त्यात उंची, वय, स्त्री की पुरुष हे घालायचं आणि सूत्राने टक्केवारी काढायची. म्हणजे अंदाजच. मी ॲपमध्ये माझी उंची दोन इंच कमी लिहिली, तर उभ्या उभ्या चरबी वाढली! उन्हातून घामाघूम येऊन चढलं की एक आकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळाच. रोज एकाच वेळी, अनवाणी, उपाशीपोटी चढलात तर महिन्याभरात कल वर की खाली एवढं कळतं. तेवढ्यापुरता ठीक.

खरा राग ॲपवर आहे. आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 24.2, त्यावर हिरवी पट्टी आणि 'नॉर्मल'. आपल्या लोकांसाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. भारतात विकायचं तर एवढं तरी बदला की. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. मला नवल वाटलं नाही. एकाच वजनाच्या दोन माणसांना एक पँट कधी बसलीय?

जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेटच्याच आयोगाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, जोडीला कंबर मोजा किंवा थेट चरबी मोजा, आणि शरीराच्या कामावर काय परिणाम झालाय तेही बघा. हा काटा कंबर विचारतच नाही. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80 ही हद्द. इथे एक सांगते, पँटचा नंबर धरू नका. पुरुष पोटाखाली पट्टा बांधतात, म्हणून 36 ची पँट घालणाऱ्याचं पोट 41 इंच भरतं, हे मी रोज बघते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. मालकांचं 97 सेंटिमीटर भरलं. हिरव्या पट्टीवाल्यांचं!

पेसमेकर असेल तर यावर चढू नका, ही सूचना खोक्यावर अगदी बारीक अक्षरात आहे. ॲप मराठीत नाही.

पाचपैकी अडीच. फक्त वजनच बघायचं असेल तर साधा डिजिटल काटा निम्म्या पैशात येतो, टेप वीस-तीस रुपयांत.