गोव्यात स्कूटर भाड्याने घेताय? थिवी स्टेशनजवळचं हे दुकान, 4 स्टार

गोव्यात स्कूटर घेताना सगळे रेट आणि ब्रेक बघतात, मी म्हणतो आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती रेंटच्या परमिटची गाडी. पांढरी प्लेट म्हणजे कोणाची तरी घरची गाडी गुपचूप भाड्याने लावलीय, शंभर दीडशे स्वस्त पडते खरी पण पोलिसांनी अडवलं की परमिट नाही म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली गाडी जप्त करता येते त्यांना, मग तुम्ही बायको आणि बॅगांसकट रस्त्यावर आणि तो मालक फोन उचलतोय कशाला!

या दुकानात सगळ्या काळ्या प्लेटच्याच आहेत. रेट थोडा चढा आहे, आम्हाला 500 रोज सांगितला आणि घासाघीस अजिबात चालली नाही. पण गाडीसोबत एक प्लॅस्टिकची पाऊच मिळते त्यात आरसी, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी सगळ्याच्या झेरॉक्स, शिवाय तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवून देतात. डिपॉझिट म्हणून बरेच जण ओरिजिनल लायसन ठेवून घेतात, यांनी नाही घेतलं. दुकानातले काका म्हणाले, "लायसन तुमच्याकडेच असू दे, पोलीस तुम्हाला विचारणार, मला नाही." बरोबरच आहे, वर्दीतल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं, डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधलं पण चालतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 139 मध्ये आहे ते. फक्त रेंजचा भरवसा धरू नका, अ‍ॅप निघण्याआधीच उघडून ठेवा.

म्हापशाहून कळंगुटला जाताना अडवलंच. पाऊच पुढे केली, साहेबांनी प्लेट बघितली, परमिटची तारीख बघितली, लायसन बघितलं, "हेल्मेट दोघांनी घाला हां" म्हणाले आणि सोडलं. हिची हेल्मेट हातात होती, ती पटकन डोक्यावर गेली :) मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, कायद्यात दंड 1000 आहे, त्यामुळे स्वस्तात सुटलो. आमच्या मागे पांढऱ्या प्लेटवाली दोन पोरं होती, आम्ही निघालो तरी त्यांचं "मित्राची गाडी आहे सर" चालूच होतं.

डिकी उघडायला लावतात का, हे पण काकांना विचारलं होतं. म्हणाले लपवण्यासारखं काही नसेल तर उघडून दाखवायची, वाद घालत बसायचं नाही. व्यवहार म्हणून ठीक आहे, पण पेपर तपासणं वेगळं आणि झडती वेगळी. ड्रग्जचा संशय असेल तर एनडीपीएस म्हणजे ड्रग्जविरोधी कायद्याच्या कलम 43 खाली सार्वजनिक ठिकाणी झडती घेता येते, पण त्यालासुद्धा तसं मानायला काहीतरी कारण लागतं, उगाच मनात आलं म्हणून नाही. आणि 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी नवीन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हा कायदा लागू झालाय, त्याच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पोलिसांनीच करायचंय. त्यामुळे कोणी सिरियसली झडती घ्यायला लागलं तर "साहेब रेकॉर्डिंग करताय ना" एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. आवाज चढवू नका, सुट्टी तुमचीच खराब होते.

गाडी गोव्याबाहेर न्यायची नाही ही अट लेखी आहे. आम्हाला तेरेखोलवरून महाराष्ट्रातल्या रेडीच्या गणपतीला जायचं होतं, काका ठाम नाही म्हणाले. आणि घरी परत जाताना स्वतःच्या गाडीत दारूच्या बाटल्या घेऊन बांद्याकडून जाणार असाल तर इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले डिकी उघडतात, दारूचं परमिट नसेल तर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागतो, तिथे "गोव्यात घेतली, बिल आहे" हे चालत नाही.

एक स्टार कापला तो हेल्मेटमुळे, आतला फोम कुजका वास मारतो, रुमाल बांधून घालावी लागली. आणि टाकी जवळपास रिकामी देतात, पंपापर्यंत जाईल एवढंच. पेट्रोल आधी टाका, मग समुद्राकडे वळा.