डॅशकॅम आठ महिने वापरल्यावर: चित्र छान, कार्डाने मात्र नाकी नऊ आणले

गेल्या ऑक्टोबरात गाडीला डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता सतत चित्रित करणारा कॅमेरा, बसवला. दर आठवड्याला बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेसवेने 93 किलोमीटर जाऊन यायचं असतं, म्हणून. चित्राबद्दल तक्रार नाही. दिवसा पुढच्या गाडीचा नंबर स्वच्छ वाचता येतो. रात्री समोरून हेडलाइट आले की नंबरप्लेट पांढरी दिसते, एवढंच. लिहायचंय ते मेमरी कार्डाबद्दल.

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात एक रिक्षा आरशाला घासून गेली. व्हिडिओ हवा होता. गाडी दुपारभर उन्हात उभी होती, कॅमेऱ्याला हात लावला तर चटका बसला. कार्ड काढायला दाबलं की आत जायचं, पण नेहमीचा 'टक्' आवाज नाही आणि बाहेर येणंही नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, पिन घालून बघू का?" मी त्याला थांबवलं. खाचेत कार्डाला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या इतक्या नाजूक असतात, की एक वाकली तरी कॅमेरा गेला.

रात्री सुचलं, की कॅमेरा यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडून बघावा. जोडला, तर पेनड्राइव्हसारखा उघडला! व्हिडिओ कार्ड न काढताच मिळाला. हे दुपारीच सुचलं असतं तर इतका जीव टांगणीला लागला नसता. तुमचंही कार्ड अडकलं तर ओढाताण करण्याआधी हे करून बघाच.

सकाळी कॅमेरा गार झाल्यावर वायर काढली आणि लाल दिवा पूर्ण विझू दिला. कपॅसिटरवाल्या (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग असलेल्या) कॅमेऱ्यात वायर काढल्यावरही शेवटची फाइल बंद व्हायला काही सेकंद लागतात. मग नखाच्या कडेने कार्ड अगदी मधोमध, शेवटपर्यंत दाबलं आणि हळूच सोडलं. चौथ्या वेळी तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर आलं, पण बोटांत धरता येईना. शेवटी रावपुऱ्यातल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कार्डाच्या मागच्या कडेला जो बारीक उंचवटा असतो तो चिमट्यात धरला आणि सरळ रेषेत ओढला. "जोर नथी करवानुं, साहेब," म्हणजे जोर करायचा नाही, एवढंच म्हणाले.

कार्ड हातात आल्यावर कारण कळलं. ओळखू यावं म्हणून मीच त्यावर 'ऑक्टोबर' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. उन्हाने डिंक वितळला होता आणि चिठ्ठीचा कोपरा दुमडून खाचेत पाचर बसली होती.

आता 64 जीबीचं हाय एन्ड्युरन्स कार्ड आहे, सतत पुसून लिहिण्यासाठीच बनवलेलं. त्यावर चिठ्ठी नाही. एक तारखेला कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो, फाइल वायरनेच उतरवतो. खाचेतली कार्ड बाहेर ढकलणारी स्प्रिंग मात्र ढिली झाली ती झालीच. कार्ड बसवताना दोनदा दाबावं लागतं. पुढचा कॅमेरा घेताना दुकानातच कार्ड चार वेळा घालून-काढून बघणार आहे.