नाकापेक्षा चार्जर जड

लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस आधी काय करतो, तर एका हाताने तो उचलून बघतो. मीही तेच केलं होतं. १५.६ इंची उचलला, म्हटलं ठीक आहे, सव्वादोन किलो म्हणजे काही फार नाही. गोची एवढीच की चार्जर तेव्हा खोक्यात असतो.

तो मोठा लॅपटॉप मी चार वर्षं वापरला. आता तीन वर्षं १४ इंची, सव्वा किलोचा वापरतोय. त्यामुळे मोठा घ्यावा की छोटा, याबद्दल पुढचं सगळं दोघांशीही संसार करून लिहितोय. मोजमापं फारशी केलेली नाहीत, खांद्याने जे सांगितलं ते खरं धरलंय. प्रोसेसर, एसएसडी वगैरे तुम्ही बघून ठेवलं असेलच, त्यात पडत नाही.

मोठा घ्यावासा वाटतो तो बहुतेकदा स्क्रीनसाठी. माझंही तसंच होतं. पण इथे एक गंमत आहे. जुन्या धाटणीचा १५.६ इंची स्क्रीन १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणातला, म्हणजे आडवा पसरलेला असतो. हल्लीचे बरेचसे १४ इंची १६:१० मध्ये येतात. हिशोब केला तर पहिल्याची उंची साधारण १९.४ सेंटीमीटर भरते आणि दुसऱ्याची १८.८. म्हणजे उंचीत फरक जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. जास्तीची जागा मिळते ती रुंदीत, चारेक सेंटीमीटर. लिहायला-वाचायला उपयोगी पडते ती उंची, त्यामुळे मला छोट्यावर आल्यावर पहिले दोन दिवस सोडले तर काही हरवल्यासारखं वाटलं नाही. ज्यांचं आयुष्य एक्सेलच्या रकान्यांत किंवा व्हिडिओच्या टाइमलाइनवर जातं त्यांना मात्र ते चार सेंटीमीटर नक्की जाणवतील. आणि १६ इंची १६:१० घेत असाल तर हा हिशोबच बदलतो. तो खरोखर मोठा असतो.

कीबोर्डचं थोडक्यात सांगतो. मोठ्यावर उजवीकडे आकड्यांची पट्टी असते. आकडेमोडीचं काम असेल तर ती सोन्याची. माझ्यासारख्या नुसतं लिहिणाऱ्याला तिचा त्रास असा, की मूळ कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि आपण स्क्रीनच्या मध्यासमोर न बसता जरा डावीकडे बसतो. चार वर्षं मी मान किंचित उजवीकडे वळवून टाइप करत होतो, हे मला छोटा घेतल्यावर कळलं.

आता चार्जर. माझा निर्णय खरं तर त्यानेच केला.

वेगळं ग्राफिक्स कार्ड (गेम, व्हिडिओ अशा जड कामांसाठीची स्वतंत्र चिप) असलेल्या मोठ्या लॅपटॉपला १८०, २३० किंवा त्याहूनही जास्त वॅटचा अडॅप्टर लागतो. वस्तू कशी असते माहीत आहे ना? भिंतीकडून येणारी जाड वायर, मधे एक वीट, पुढे बारीक वायर आणि टोकाला गोल पिन. नुसती ती वीट वायरींसकट पाऊण किलोच्या घरात जाते. म्हणजे सव्वादोनचे झाले तीन. हे तीन किलो पाठीवर घेऊन जिने चढलो की दुकानातला तो एका हाताचा आत्मविश्वास आठवायचा. तरी वजनाची सवय होते. सवय झाली नाही ती लोंबकळण्याची.

एका मुक्कामी रात्री उशिरा पोहोचलो. खोलीत एकच सॉकेट, तेही भिंतीवर खांद्याच्या उंचीला, आणि वापरून वापरून सैल झालेलं. प्लग लावला, वीट अधांतरी लोंबकळायला लागली आणि तिच्या ओझ्याने प्लग हळूहळू खाली झुकत बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. खाली खुर्ची ठेवली, खुर्चीवर बॅग, बॅगेवर उशी आणि उशीवर वीट. दिवा लागला. समाधानाने झोपलो. रात्री कधीतरी उशी दबली असावी. सकाळी बघतो तर बॅटरी ११ टक्के आणि तासाभरात लोकांसमोर उभं राहायचं होतं. त्या दिवशी मी स्लाइड्सशिवाय बोललो. बोलणं बरं झालं म्हणे, पण ते श्रेय मी विटेला देणार नाही.

बरं, ही पिन ज्याची त्याची वेगळी. चार्जर घरी विसरलात की शेजारी बसलेल्या पाच जणांकडे पाच चार्जर असूनही तुम्ही कोरडेच.

आताच्या छोट्याचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर गॅलियम नायट्राइडवाला आहे (या पदार्थामुळे चार्जर लहान करता येतो), मुठीत मावतो. तोच फोनला चालतो, तोच हेडफोनला. एकदा तोही विसरलो (विसरण्यात माझं सातत्य आहे), तेव्हा फोनच्या ३० वॅटच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी भरलेला मिळाला. सगळेच लॅपटॉप इतक्या कमी वॅटवर ऐकत नाहीत, काही सरळ नाकारतात. घेण्याआधी हे नक्की विचारा. आणि हलका आहे म्हणजे टाइप-सीवर चार्ज होणारच असं धरून चालू नका. हलका असून गोल पिनचा निघाला, तर माझा अर्धा युक्तिवाद तिथेच बाद.

कोणी म्हणेल, मोठेही हल्ली टाइप-सीवर चार्ज होतात. होतात, खरं आहे. आधी या केबलमधून १०० वॅटच जात, २०२१ मध्ये नियम सुधारले आणि मर्यादा २४० पर्यंत गेली. पण ताकदवान मोठ्या मशीनला १०० वॅट दिले की ते हलक्या कामापुरतं चालतं. जोर लावायला सांगितलं की एक तर मंदावतं, नाही तर चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरत जाते. मग ज्या ताकदीसाठी ते घेतलं ती घरच्या विटेलाच बांधलेली राहते.

बॅटरीवरही हीच कथा. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे, त्यामुळे लॅपटॉप कितीही थोरला असला तरी बॅटरी साधारण त्याच्या आतच थांबते. खाणारं तोंड मात्र मोठं. सव्वा किलोचं मशीन लिहिताना ६ वॅट खात असेल तर ५५ वॅट-तासांत नऊ तास निघतात. मोठ्याने त्याच कामाला १५ खाल्ले तर ९० सुद्धा सहा तासांत संपतात. आकडे मशीनगणिक बदलतील, पण माझा अनुभव याच चालीवरचा आहे.

विमानाच्या त्या ट्रेवर मोठा उघडण्याबद्दल न बोललेलं बरं. पुढच्याने सीट मागे टाकली की झाकण अर्धवट मिटतं आणि आपण फटीतून डोकावत काम करतो.

आता छोट्याची उणी बाजू, नाही तर म्हणाल याने वकीलपत्रच घेतलंय. पातळ मशीन सलग जोराचं काम दिलं की काही मिनिटांनी तापून हळू होतं. ज्यात पंखाच नसतो त्यात तर हे ठरलेलंच. दुसरं म्हणजे रॅम बहुतेकदा बोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. मी चार पैसे वाचवायला ८ जीबी घेतली आणि आज ब्राउझरचे टॅब मोजून उघडतो. तुम्ही १६ च्या खाली जाऊ नका. पोर्टही दोन-तीनच, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि प्रोजेक्टरसाठी एक हब बॅगेत पडूनच असतो. घरी मोठ्या स्क्रीनची हौस मी २७ इंची मॉनिटरवर भागवतो. एकच टाइप-सी केबल लावली की चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. मॉनिटर ठेवायला जागा नसेल आणि लॅपटॉप हाच एकमेव पडदा असेल, तर मोठ्याकडे झुकायला हरकत नाही.

मधला मार्गही आहे: मोठा स्क्रीन, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एलजी ग्रॅमचा १६ इंची १.२ किलोच्या आसपास येतो. वजनाचा प्रश्न त्याने सुटतो, ट्रेवरचा नाही. मी तो चार दिवसच हाताळलाय, तेव्हा छातीठोकपणे काही सांगणार नाही.

माझा जुना मोठा लॅपटॉप आता भाच्याकडे आहे. तो व्हिडिओ एडिट करतो, लॅपटॉप टेबलावरून हलत नाही, वीट खाली जमिनीवर निवांत पडलेली असते. परवा नवीन कुठला घेऊ म्हणून विचारायला आला. तू मोठाच घे, मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. निघताना म्हणाला, "मामा, चार दिवस बाहेर जातोय, तुझा तो छोटा चार्जर दे ना."

अजून परत आलेला नाही. चार्जर.