साईटवर गाडी घेऊन लेझर लेव्हल विकणाऱ्यापासून सांभाळा, माझे 18,150 गेले

नाशिकात 14 वर्षं फर्निचरची कामं घेतोय, त्यामुळे मला कोणी नवशिका समजू नका. पाथर्डी फाट्याच्या साईटवर एक जण गाडी घेऊन आला, एक्झिबिशनचा उरलेला माल, 16 लाईनचं ग्रीन लेझर लेव्हल (भिंतीवर सरळ रेषा पाडणारं मशीन), नावाजलेल्या कंपनीचा स्टिकर, दुकानात 13 हजार तुम्हाला 6,800. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. 5,000 यूपीआयने, 1,800 रोख, बिल "व्हॉट्सॲपला टाकतो".

डोळ्यांसमोर होतं हो सगळं! मी स्टँडचा एक पाय जरा उचलला तर भिंतीवरची रेषापण तिरकी झाली. चांगल्या मशीनमध्ये पेंड्युलम, म्हणजे आत लोंबकळणारं वजन, रेषा सरळ धरून ठेवतो, साधारण 4 डिग्रीच्या पुढे कललं तर रेषा लुकलुकते, बीप वाजते. विचारलं तर म्हणे "दादा, पेंड्युलमला लॉक लावलाय, जिन्याच्या तिरक्या लाईनीसाठी असतो". लॉकचं खरंच तसं असतं, म्हणून तर पटलं मला. पण लॉक काढून दाखव, एवढं तोंडातून निघालं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यात आमचं जुनं लाल लेझर भर उजेडात दिसायचं नाही आणि हे लख्ख दिसत होतं, तिथेच भुललो.

त्याच मशीनवर किचनची वरची कपाटं लावली, 12 फुटांत 11 मिमीचा उतार. टाईल्सच्या जॉइंटवर घरमालकीण मॅडमनी बोट ठेवलं, मला मान वर करता येईना. उतरवून परत लावायला 11,350, माझ्याच खिशातून. मशीन उघडलं तर पेंड्युलमवर पांढऱ्या गोंदाचा गोळा, चिकटवलेला. कंपनीने सांगितलं हा सिरियल नंबर आमचा नाहीच.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नंबर मिळाला, बस. चौकीत म्हणाले पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले वस्तू हातात मिळालीय, चौकीत जा. तीन खेटे, तीन दिवसांची मजुरी बुडाली. 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, विचारलं तर बिल आणि विकणाऱ्याचं नाव पाहिजे, अरे तेच असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? यूपीआयचं नाव आहे ना माझ्याकडे, स्क्रीनशॉट दाखवला, कोणी कागदावर उतरवूनसुद्धा घेतलं नाही!

बिलाशिवाय घेऊच नका. 5 मीटरवर भिंतीला खूण करा, मशीन जागेवरच अर्धं फिरवून मागची रेषा त्याच खुणेवर आणा, 3 मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर परत द्या. आणि आधी लॉक काढायला लावा, त्याच्यासमोरच.

माझं काम सध्या परत पाण्याच्या नळीने लेव्हल काढून चाललंय.