घराचा बाहेरचा रंग: मशीनवरची शेड वऱ्हाडातल्या उन्हात किती टिकते

तालुक्याच्या बहुतेक रंगदुकानांत आता टिंटिंग मशीन, म्हणजे मूळ रंगात (बेसमध्ये) रंगद्रव्यं मिसळून हवी ती शेड बनवणारं यंत्र, आहे. नंबर सांगा, पाच मिनिटांत डबा तयार. सोय उत्तमच, पण हजारो शेडमधल्या मोजक्याच आपल्याकडच्या बाहेरच्या भिंतीवर चांगल्या राहतात. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा, पावसाळ्यात आवारातली उसळणारी काळी माती आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर पडणारं ऊन, हे शेड कार्डावर दिसत नाही.

आधी शेडचं बोलू. जर्द जांभळा, राणी, चकचकीत पोपटी, भडक केशरी या रंगांतली रंगद्रव्यं बहुधा सेंद्रिय असतात आणि उन्हात लवकर उडतात. त्यातही सगळीकडून सारखी नाही; छज्ज्याच्या सावलीतली भिंत तशीच राहते, उन्हातली फिकी होते आणि घर चट्टेरी दिसतं. याउलट पिवळी माती, विटकरी, बदामी, मातकट तपकिरी या शेड लोहाच्या ऑक्साइडवर बनतात. जुन्या घरांचा गेरू वर्षानुवर्षं उन्हात टिकायचा तो याच गुणामुळे. म्हणून मुख्य भिंतीला मातकट, फिक्या शेड घ्याव्यात. हौस म्हणून भडक रंग हवाच असेल तर तो छपरीच्या आतल्या, सावलीतल्या भिंतीला द्यावा.

मोठ्या शेडबुकात किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परत फेकण्याचा आकडा, शून्य ते शंभरमध्ये दिलेला असतो. स्लॅबच्या घराला 50 ते 70 चांगला. तिसाच्या खालची गडद शेड भिंत जास्त तापवते, प्लास्टरच्या बारीक भेगा उघडतात आणि रंग उडालेलाही चटकन दिसतो. पांढरा रंग भिंत थंड ठेवतो, पण काळ्या मातीच्या गावात पहिल्याच पावसात त्याचे हाल होतात. वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या धुळीमुळे तर तो घेऊच नये. तिथे राखाडी किंवा बदामी बरा. गोंदिया-गडचिरोलीकडे पाऊस जास्त, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर हिरवट-काळं शेवाळ धरतं. तिथे बुरशीरोधक इमल्शनच (पाण्यातला प्लास्टिक पेंट) घ्यावं.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेड ठरवणं हा सगळ्यात महागडा घोटाळा. एक लिटरचा डबा घ्यावा आणि पश्चिमेच्या व उत्तरेच्या भिंतीवर तीन बाय तीन फुटांचे चौकोन दोन हात मारून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघावेत, तेही वाळल्यावर. अख्ख्या भिंतीवर आणि उन्हात रंग कार्डापेक्षा उजळ व भडक वाटतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी मळकट घेतलेली बरी.

खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा गडद विटकरी किंवा चॉकलेटी ठेवण्याची आपली पद्धत अगदी रास्त आहे, शिंतोडे त्यातच लपतात. मात्र धुता येतो म्हणून तिथे ऑइलपेंट मारू नये. जोत्यातून चढणारी ओल त्यामागे कोंडते, फोड येतात आणि खार फुटून पापुद्रे निघतात. पट्ट्यालाही बाहेरचं इमल्शनच द्यावं.

हिशोब असा. 25 बाय 30 फुटांचं घर, पॅरापेट (गच्चीचा कठडा) धरून 13 फूट उंची: घेर 110 फूट, म्हणजे 1430 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 1300, म्हणजे 13 ब्रास. गुळगुळीत प्लास्टरवर दोन हातांना लिटरमागे पन्नासेक चौरस फूट धरले तर 26 लिटर लागतात. खरबरीत भिंतीला आणखी पाचवा हिस्सा. 20 आणि 10 चे डबे एकदमच टिंट करून घ्यावेत. नंतर आणलेल्या डब्याची शेड तंतोतंत जुळेल याचा भरवसा नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी सगळा रंग एका ड्रममध्ये एकत्र ढवळावा. टिंट करायचा बेसचा डबा रंगद्रव्याला जागा म्हणून थोडा कमी भरलेला असतो, ती फसवणूक नव्हे. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये ‘सेम टू सेम’ मिळते असं दुकानदार म्हणतो, ते मात्र जवळपास असतं, सेम नसतं.

बजेट कमी असेल तर समोरच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला चांगलं अॅक्रिलिक इमल्शन, बाकीच्यांना साधं सिमेंट पेंट चालतं. सिमेंट पेंट ओल्या भिंतीवर मारतात, कालवलेलं दोन-तीन तासांत संपवतात आणि नंतर त्यावर पाणीही मारावं लागतं. हेच पेंटर टाळतात आणि मग हाताला पावडर लागते. त्यात मलईसारखी फिकी शेडच घ्यावी, म्हणजे दोन भिंतींतला फरक डोळ्यांत भरत नाही.

भिंतच तयार नसेल तर कुठलीही शेड टिकत नाही. नवं प्लास्टर किमान 28 दिवस राहू द्यावं, नाहीतर त्यातला क्षार रंग खातो. जुन्या चुन्यावर थेट इमल्शन मारलं तर सालपटासारखं सुटतं. आधी तारेच्या ब्रशने खरवडावं, धुवावं, वाळवावं, मग बाहेरचा प्रायमर. पीओपी बाहेर कुठेच वापरू नये, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्यावी. काळ्या मातीवरच्या घरांत पाया हलून पडलेल्या भेगा पुट्टीने बुजत नाहीत. त्या इंग्रजी व्ही आकारात उकरून लवचीक फिलर भरावा.

वेळ फेब्रुवारी-मार्चची उत्तम. मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रंग लगेच वाळतो आणि ब्रशचे पट्टे उमटतात. दिवाळीआधी करायचंच असेल तर परतीचा पाऊस थांबू द्यावा आणि दव पडण्याआधी, साधारण चारला, हात आवरावा. पेंटर रंगात किती पाणी घालतो यावरही लक्ष हवं, डब्यावर लिहिलंय तेवढंच.

झाकणावरच्या स्टिकरवर शेडचा नंबर, बेस आणि फॉर्म्युला असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. उरलेला एखादा लिटर घट्ट झाकून सावलीत ठेवला की पुढच्या वर्षी डागडुजीला कामी येतो.