रिमांड होममध्ये काय सुरू करावं: वायरिंगचा कोर्स की गटसत्रं?

निरीक्षणगृहातल्या, म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या रिमांड होममधल्या, मुलांसाठी काही करायचं ठरलं की एखाद्या ट्रस्टपुढे सहसा दोन प्रस्ताव येतात. एक, वायरिंग, मोबाईल दुरुस्ती, शिवणकाम असा हाताला काम देणारा कोर्स. दुसरा, आठ-दहा मुलांना घेऊन बसायचं आणि राग, दोस्त, भांडण यांवर बोलत सराव करून घ्यायचा. आम्ही दोन्ही चालवून पाहिलं. (मोठा तुरुंग दाखवून धाक घालायचा, असा तिसरा प्रस्तावही कुणीतरी आणतंच. त्यावर परदेशात बरेच अभ्यास झालेत, आणि अशी मुलं उलट जास्त गुन्हे करतात असं निघालं. तो विषय तिथेच सोडा.)

कोर्सच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. देणगीदाराला तो चटकन पटतो. बोर्डावर पेटलेला बल्ब फोटोत छान दिसतो. आईबापांनाही जरा धीर येतो. मुलं तर रमतातच. दिवसभर टीव्ही आणि कॅरममध्ये कंटाळलेल्या पोराच्या हातात टेस्टर आला की त्याच्या कुरबुरी निम्म्या होतात.

आमचं घोडं अडलं ते जामिनावर. 2015 च्या बाल न्याय कायद्यात जामीन हाच नियम आहे, आणि तो तसाच हवा. पण कोर्स तीन महिन्यांचा आणि मुलगा आत राहणार काही दिवस, फार तर काही आठवडे. सोमवारी ज्याने साधा स्विच जोडला, तो गुरुवारी जिन्याचा टू-वे शिकायला नसतोच. बाल न्याय मंडळापुढे तारीख होती, मामाने हमी घेतली, गेला. त्याच्या जागी नवा मुलगा, म्हणजे पुन्हा फेज कुठली आणि न्यूट्रल कुठली इथून सुरुवात. आमचे सर आठवड्यामागून आठवडे पहिलाच धडा शिकवत राहिले. परीक्षेपर्यंत मूळ बॅचमधलं कुणी उरत नसे. बाहेर जाऊन पुरा कर म्हणावं तर शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यापासून तयारी. पोरगा सुटला म्हणून मास्तर हिरमुसला, हे काही बरं नव्हे.

गटसत्रांत ही अडचण कमी येते, कारण प्रत्येक बैठक त्या दिवसापुरती पुरी होते. शिकागोच्या शाळांमधल्या एका उपक्रमातला खेळ आम्ही आमच्या पद्धतीने घेतो. एकाच्या मुठीत कॅरमचा स्ट्रायकर, दुसऱ्याला तीस सेकंद: काढून घे. बोटं पिरगाळणं, ढकलाढकली, शिव्या. मग विचारायचं, ‘मागितलास का?’ बहुतेकदा हशा पिकतो. पण पुढच्या फेरीत एखादा ‘दे ना भाई’ म्हणतो आणि समोरचा खरंच देऊन टाकतो.

त्याच शिकागोत कुक काउंटीच्या बाल कोठडीत मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन प्रकारच्या विभागांत ठेवून तुलना झाली. अशी सत्रं असलेल्या विभागातली मुलं पुन्हा आत येण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी निघालं. तिथे कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि शिस्तीची पद्धतही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय गप्पांना देता येणार नाही. आणि आमचा अनुभव एका जिल्ह्यापुरता, हेही खरं.

विशेषगृहाचं, म्हणजे गुन्हा केल्याचं ठरल्यावर मुलाला पाठवतात त्या संस्थेचं, गणित मात्र वेगळं. मंडळाच्या आदेशाने मुलगा तिथे तीन वर्षांपर्यंत राहू शकतो. तेवढ्यात कारागिरी हातात बसते. तुमचं काम तिथे असेल तर कोर्सला मी हरकत घेणार नाही, फक्त प्रमाणपत्रावर त्या संस्थेचं नाव छापू देऊ नका.

निरीक्षणगृह असेल, तर आधी अधीक्षकांना विचारा, मुलं साधारण किती दिवस राहतात. महिन्याच्या आत म्हणाले तर शिवणयंत्रांची ऑर्डर थांबवा. त्या पैशात सत्रं घेणाऱ्याचं मानधन ठरवा आणि त्याच्या एसटीच्या भाड्याची सोय वेगळी धरा. मुलगा सुटल्यावर, परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) आणि घरच्यांना विचारून, त्यालाच मुलाच्या घरी जायचंय.