सोसायटीचे हिशेब: सुटी कामं की ठरलेलं पॅकेज?
दादरच्या एखाद्या अकाउंटंटकडे सोसायट्यांची सुटी कामं असली, की प्रत्येक सेक्रेटरीचा फोन थेट साहेबांना. फी घासाघीस करून ठरते, साहेब गावी गेले की काम ठप्प. असा व्यवसाय विकायला काढला तर घेणारा काय घेणार, साहेबांचा मोबाइल नंबर?

पॅकेजात काम आधीच आखलेलं असतं: मेंटेनन्सची बिलं, थकबाकीवरचं व्याज (आदर्श उपविधींच्या, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांच्या, मर्यादेत), 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेचे कागद. चेकलिस्ट हाताशी असली की ज्युनिअरही निभावतो. माझं मत पॅकेजलाच. सुरुवातीला काही जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतील, कुरकुरू देत.

डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केली नाही, तर ती सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेणं) मात्र त्यात कोंबू नये. प्रत्येक इमारतीचे कागद वेगळे, बिल्डरची तऱ्हा वेगळी. त्याची फी वेगळीच घ्यावी.